भ्यालेल्या माणसाचे कान

मामा, तुम्ही गेल्यापासून मला नीट ऐकू येत नाही. कानाच्या डॉक्टरकडं जाण्यासारखं काही नाही, आवाज येतो. पण कुणी बोलायला लागलं की पहिले दोन-तीन शब्द कळतात आणि पुढचं सगळं निसटून जातं. परवा गल्लीत घंटागाडी आली. तिच्यावरचा भोंगा ओल्या कचऱ्याचं, सुक्या कचऱ्याचं काहीतरी सांगत होता, आणि मी हातात डबा घेऊन दारात उभी. नेमकं काय करायला सांगतोय तेच कळेना. मराठीत सांगत होता हो. तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. "सूनबाई मराठी लिसनिंगमधी बी नापास," असं चार घरी सांगून आला असता.

तुम्ही गेलात त्या सकाळीही हेच झालं. मी नर्स. डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतात तेव्हा त्यांच्या बाजूला मी कितीदा उभी राहिलेय. लोक पुन्हा पुन्हा तेच विचारतात म्हणून मनातल्या मनात वैतागलेही आहे. त्या दिवशी डॉक्टर बाहेर आले, "आम्ही सगळे प्रयत्न केले" म्हणाले, आणि त्यानंतर बराच वेळ बोलत राहिले. त्यांचे ओठ हललेले आठवतात. ते आत गेल्यावर संतोषनं मला विचारलं, "काय म्हनले गं?" दवाखान्याची भाषा घरात मलाच कळते असा सगळ्यांचा समज. तुमचा लेक माझ्या तोंडाकडं बघत होता आणि मला त्याला एक वाक्य सांगता आलं नाही.

तुम्हाला याचं नवल वाटलं नसतं. बिलोली तालुक्यातल्या शाळांवर गुरुजी म्हणून तुमचं आयुष्य गेलं, पण तुमची ऐट होती ती माहूरची. दर नवरात्रात तुम्ही गडाखालच्या मांडवात सेवा म्हणून माइकवर बसायचात. हरवलेली लेकरं, चुकलेल्या म्हाताऱ्या, सापडलेल्या पिशव्या. तिथले तुमचे नियम मला इतक्यांदा ऐकवलेत की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. सापडलेल्या लेकराचं नाव भोंग्यावर कधीच सांगायचं नाही. कपड्याचा रंग सांगायचा आणि नाव आईबापाच्या तोंडून येऊ द्यायचं, नाहीतर कुणीही येऊन लेकरू घेऊन जाईल. आणि पहिलं वाक्य नेहमी वाया घालवायचं. "ऐका भक्तांनो, ऐका, इकडं ध्यान द्या," असं बिनकामाचं दोनदा म्हणायचं आणि मगच मुद्द्यावर यायचं.

"भ्यालेल्या मानसाचे कान उशिरा उघडतात," तुम्ही म्हणायचात. "त्याला जरा टाइम द्यावा लागतो."

त्या डॉक्टरांना तुमच्या मांडवात दोन दिवस बसवायला पाहिजे होतं.

मामा, आमच्या भागात सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणतात म्हणून मी तुम्हाला मामा म्हणायला लागले, एवढंच. लग्नानंतरची पहिली काही वर्षं आपण 'चहा ठेवू का' आणि 'ठेव' याच्या पलीकडं बोललो असू असं वाटत नाही. बोलायला लागलो ते त्या आयर्लंडमुळं. तिथल्या दवाखान्यात नर्स म्हणून जायचं तर इंग्रजीची परीक्षा. वाचन निघालं, लेखन निघालं, बोलणंही कसंबसं निघालं. लिसनिंगला मी आडवी झाले, आणि पुढच्या खेपेलाही तिथंच. मी रविवारी नांदेडहून एसटीनं लातूरला क्लासला जायचे. तिथले सर म्हणाले, रोज घरी ऐका. सार्वजनिक भाषणं ऐका, स्टेशनवरच्या, विमानतळावरच्या, वाचनालयातल्या सूचना ऐका, पण एकदाच ऐका. परीक्षेत रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. मोबाइल दुसऱ्याच्या हातात द्या, तुमच्या हातात असला की तुम्ही मागं घेणारच.

मी मोबाइल आधी संतोषच्या हातात दिला. दुकानातून दमून आलेला माणूस, पाच मिनिटांत घोरायला लागला. तेव्हा तुम्ही गॅलरीतल्या बाजेवरून हात पुढं केलात. "आन इकडं. मला झोप येत न्हाई."

तेव्हापासून रोज संध्याकाळी चहा झाला की आपली बैठक. तुम्ही बाजेवर, मी खाली पाटावर, मांडीवर कागद. तुम्ही बटण दाबायचात आणि मोबाइल मांडीखाली सरकवायचात, मी हिसकावू नये म्हणून. कुठला तरी माणूस मधमाश्यांवर व्याख्यान द्यायचा, कुठली बाई पोहण्याच्या तलावाच्या वेळा सांगायची. माझं एक उत्तर सुटलं की त्या सुटलेल्या उत्तराच्या मागं धावता धावता पुढची तीनही जायची.

"मामा, थोडं मागं घ्या ना. एवढंच वाक्य."

"माहूरच्या भोंग्यावर मागं घेता येतं का?"

"तिथं तुम्ही स्वतःच दोनदा सांगत होतात!"

"ते मी सांगत होतो. ह्या बाईनं सांगितलं का?"

तुमचं इंग्रजी म्हणजे वाचायला पक्कं आणि ऐकायला कच्चं. "ही बाई शब्द गिळून राहिली," म्हणून तुम्ही रागवायचात. पण रेकॉर्डिंग संपलं की मला विचारायचात, त्या मधमाश्यांचं काय झालं मग? मी सांगायला लागायचे, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात यायचं की बरंच कळलंय की मला. तुम्ही हे मुद्दाम करत होतात की तुम्हाला खरंच मधमाश्यांची पडली होती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मधमाश्यांचीच पडली असावी. कारण वर्षभर तुम्ही माळ्यावरचं मोहोळ कुणाला काढू दिलं नाहीत.

स्टेशनवर जायची कल्पना तुमचीच. घरात बसून काय ऐकतेस, खऱ्या भोंग्यावर ऐक, म्हणालात. आपण नांदेडच्या फलाटावर जाऊन बाकावर बसलो. पहिली सूचना झाली आणि मी फटाफट सगळं सांगितलं, गाडी कुठली, कुठल्या फलाटावर, किती उशीर. तुम्ही खूश. मग तुमच्या ध्यानात आलं की आधी मराठीत सांगतात, मग हिंदीत, आणि इंग्रजीचा नंबर शेवटी लागतो. म्हणजे मला सगळं आधीच कळलेलं. "ही कॉपी झाली," तुम्ही गुरुजींच्या आवाजात म्हणालात, आणि नियम काढलात की मराठी आणि हिंदी संपेपर्यंत मी दोन्ही कानांत बोटं घालून बसायचं. इंग्रजी सुरू झालं की तुम्ही कोपरानं ढोसणार. चांगल्या घरची सून, साडीतली, भरल्या फलाटावर कानांत बोटं घालून बसलेली, आणि शेजारी धोतर-टोपीतला सासरा तिला मधून मधून कोपर मारतोय. समोरची एक बाई शेवटी उठून आलीच.

"काका, ताईला काय होऊन राहिलं? कान ठणकून राहिला का?"

"न्हाई बाई," तुम्ही अगदी गंभीरपणे म्हणालात, "तिची परीक्षा हाय."

ती बाई आपल्यापासून जरा लांब जाऊन बसली. तुम्ही गेल्यावर भेटायला आलेल्या लोकांपुढं मला हे सांगायचं होतं, पण बायका रडत होत्या आणि मला मध्येच हसू फुटेल याची भीती वाटली.

आणि ते फाटकाचं भांडण. एका रेकॉर्डिंगमध्ये बाई सांगते की उद्याची सहल पुढच्या फाटकातून निघेल. मग थांबते, आणि म्हणते, माफ करा, पुढच्या फाटकाचं काम चालू आहे, तेव्हा मागच्या फाटकातून. मी 'पुढचं' लिहून मोकळी झाले होते. तुम्ही उत्तर तपासलंत आणि खवळलात, माझ्यावर नाही, त्या बाईवर.

"हिला भोंग्यावर बसवलं कुनी? आधी चुकीचं सांगायचं आन मंग माफी मागायची? तवर अर्धे लोक पुढल्या फाटकाकडं पळाले की!"

"मामा, ते मुद्दाम तसं करतात. आपण शेवटपर्यंत ऐकतो का ते बघायला."

"मुद्दाम?" तुमचा चेहरा असा झाला होता की मला माझ्या बोलण्याचीच लाज वाटली. "मंग ती सूचना न्हाई. ती फसवाफसवी हाय. ज्याचं लेकरू हरवलंय त्याच्याशी असं कुनी खेळतं का?"

मी म्हणाले, दवाखान्यातही असंच होतं. डॉक्टर फोनवर औषधाची मात्रा सांगतात, मग थांबतात, नाही नाही, निम्मी द्या म्हणतात. नर्सनं आधीचं ऐकून फोन ठेवला तर माणूस जाईल. त्यावर तुम्ही गप्प बसलात. मला वाटलं, जिंकले. दुसऱ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवायच्या आत तुम्ही सुरू, "मी इचार केला. डॉक्टर घाईत असतो, त्याला माफ हाय. ही बाई कागद बघून वाचून राहिली. तिला माफ न्हाई." मग मी म्हणाले, कागद बघून वाचते हे तुम्हाला काय माहीत? झालं, पुन्हा पहिल्यापासून. हे भांडण आपण मिटवलंच नाही. आता मला एकटीला ते पुढं नेता येत नाही, कारण तुमची बाजू मला तुमच्याइतक्या रागानं मांडता येत नाही.

एक गोष्ट मात्र मी भांडूनही विचारू शकले नाही. आयर्लंडला मी आधी एकटी जाणार, संतोष आणि आमची परी नंतर येणार. तोवर सहा वर्षांची परी तुमच्याजवळ आणि आत्यांजवळ राहणार, असं ठरलं होतं. म्हणजे आम्ही नवरा-बायकोनं ठरवलं होतं. तुम्ही 'हाव, ऱ्हाईल की' म्हणालात, आत्या 'बघू' म्हणाल्या. एका संध्याकाळी मी कागदावरची मान वर न करता विचारलं, "मामा, मी गेलेलं तुम्हाला चालेल का?" तुम्ही मोबाइल काढलात आणि पुढचं रेकॉर्डिंग लावलंत. कुठल्याशा ग्रंथालयाचा नवा नियम होता. मी मुकाट्यानं उत्तरं लिहायला लागले. आठवडाभरानं मी धीर करून पुन्हा विचारलं, आणि तुम्ही पुन्हा तेच केलंत.

मग ती सकाळ आली आणि तुम्ही गेलात.

परीक्षा तेराव्याच्या अलीकडं येत होती. पुढं ढकलता येत नव्हती, तिकडच्या दवाखान्यानं दिलेली मुदत संपत आली होती. किल्लारीहून थोरल्या चुलत सासूबाई आल्या होत्या, त्यांच्या कानावर कुणीतरी घातलं. त्या बायकांत बसूनच बोलल्या, "सुतकात घरची सून उंबरा वलांडून हैदराबादेला जानार? कशाला, तर परीक्षेला? मानसाची राख थंडी हू द्या की जरा." त्यांचं चुकलं असंही मला म्हणवेना. संतोष म्हणाला, आई म्हणेल तसं. तो क्रियेला बसलेला, त्याला घर सोडता येत नव्हतं, म्हणजे जायचं तर मी एकटीनं. आणि आत्या तर तुम्ही गेल्यापासून कुणाशीच बोलत नव्हत्या. भिंतीला टेकून बसायच्या, कुणी पाणी दिलं तर प्यायच्या.

खरं सांगू का मामा? कुणीतरी मला 'जाऊ नको' म्हणावं, याची मी वाट बघत होते. म्हणजे सुटले असते. जगाला सांगता आलं असतं की सुतक आडवं आलं, नाहीतर निघाली असती परीक्षा. दिवसभर मी दाराकडं कान लावून होते, आत्या काय म्हणतात ते ऐकायला. भाकरी करताना एकीचाही पापुद्रा सुटला नाही. आणि मनात एक आणखी वाईट भीती होती. तुम्ही नसताना परी कुणाजवळ राहणार? आत्या एकट्या तिला कसं सांभाळणार? आणि आत्यांना कोण सांभाळणार? म्हणजे पास झाले तरी पुढं काय, याचं उत्तर नव्हतं, आणि नापास झाले तर तुमच्या इतक्या संध्याकाळींचं काय केलं मी, याचंही नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आत्या भिंतीपासून उठल्या. सगळ्यांच्या देखत स्वयंपाकघरात आल्या आणि मला म्हणाल्या, "गाडी कवाची हाय?"

मी सांगितली. त्यांनी डब्यात पोळ्या घातल्या, लोणचं घातलं. थोरल्या सासूबाई काही बोलणार तेवढ्यात आत्या त्यांच्याकडं न बघताच म्हणाल्या, "अक्का, जानारी जाऊन येईल. सुतक काय तिच्या संगं पळून जात न्हाई." एवढंच. पुन्हा भिंतीला टेकून बसल्या.

हैदराबादला त्या हॉलमध्ये मला खुर्ची दिली, कानांवर हेडफोन चढवले, आणि बाहेरचं सगळं बंद झालं. माझ्या श्वासाचा आवाज मलाच यायला लागला. पहिली सूचना सुरू झाली आणि तिचं पहिलं वाक्य माझ्या कानांत शिरलंच नाही. मला वाटलं, झालं, इथंच संपलं. मग दुसरं वाक्य आलं, ते कळलं. त्याच्या पुढचंही. दुसऱ्या भागात एक उत्तर हातातून गेलं, आणि मी त्याच्या मागं धावले नाही. जाऊ दिलं. मामा, एवढं मात्र तुम्हाला सांगायचंच होतं, पहिल्यांदाच मी एक जाऊ दिलं आणि पुढचं धरलं. बाकी किती धरलं, किती हातचं गेलं, मला माहीत नाही.

बाहेर आले, लॉकरमधून पिशवी घेतली, मोबाइल चालू केला. लातूरला क्लास सुटला की तुम्हालाच आधी फोन करायची सवय, अंगठा आपसूक तिथं गेला. रिंग वाजायला लागली तेव्हा भानावर आले. फोन बंद करायचं सुचेना. आणि तिकडून कुणीतरी उचलला.

"बोल," आत्या म्हणाल्या.

"आत्या? मामांचा फोन... तुम्ही..."

"चार्जिंगला लावून ठिवला होता. मला ठाव होतं तू हितंच लावशील. बोल, काय काय आलं?"

इंग्रजीचा एक शब्द न येणाऱ्या त्या बाईला मी रस्त्याच्या कडेला उभी राहून सगळा पेपर सांगितला. रिक्षा हॉर्न वाजवत होत्या, मला अर्धं रडू येत होतं. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. सगळं सांगून झाल्यावर मला राहवेना. तुम्हाला विचारता आलं नाही ते मी त्यांना विचारलं.

"आत्या, मी जावं असं मामांच्या मनात होतं का हो?"

फोन कटला की काय म्हणून मी बघितलं.

"न्हवतं," आत्या म्हणाल्या. "लई भेत होते. रोज निजताना म्हनायचे, पोरगी पास झाली तर जाईल, मंग घर खायला उठंल. परीचं कसं, आपलं कसं. येक दिस म्हनले, उद्यापून बसत न्हाई तिच्यापाशी, आपूनच आपल्या हातानं तिला धाडून राहिलो."

"मग?"

"मंग काय. संध्याकाळी चहा झाला की बाजेवर जाऊन बसायचे. मला म्हनायचे, सूनबाईला हाक मार, टाइम झाला."

मामा, निकाल अजून यायचा आहे. मी दिवसातून कितीदा तरी मोबाइल उघडते आणि न बघताच बंद करते. तुम्ही होतात तेव्हा मला फक्त नापास व्हायची भीती वाटत होती. आता पास व्हायचीही वाटते.